रेक्झिनचं काम

अंबादास पाईकरावचं म्हणणं असं होतं, की रोज रोज नवीन थापा मारणारी माणसं पकडली जातात. थाप एकच मारायची, चांगली दणदणीत मारायची आणि मग तिच्यावर चादर टाकून निवांत झोपायचं. त्याची तशी एकच होती आणि लग्नाच्याही आधीपासून टिकून होती. अंधेरीला एमआयडीसीत तो रेक्झिनचं काम करतो.

करायचा चामड्याचं.

पर्सा, पट्टे, पासपोर्टची पाकिटं, सगळा परदेशात जाणारा माल. संध्याकाळी घाटकोपरला घरी आला की आबा, म्हणजे त्याचे वडील, नाक वर करून विचारायचे, "कसला वास रे हा तुझ्या अंगाला?" अंबादास शर्टाची बटणं काढता काढता म्हणायचा, "सोल्युशनचा, आबा. रेक्झिन चिकटवायला लागतं." सोल्युशन म्हणजे काय ते आबांना माहीत नव्हतं. पण शब्द इंग्रजी होता, कारखान्यातला होता. खपून गेला.

आता चामड्याचं काम ही काय लपवायची गोष्ट आहे? दुसऱ्या घरात नसेल. या घरात होती.

आबांचं गाव जालन्याकडचं. बाबासाहेबांचा शब्द गावापर्यंत पोचला तेव्हा आबा मिसरूड फुटलेले होते. सगळ्या वस्तीनं एका दिवसात ठरवलं, मेलेलं ढोर ओढायचं नाही, कातडं सोलायचं नाही, काय व्हायचं ते होवो. आणि झालंच. गावानं काम तोडलं, दाणे तोडले, विहीर तोडली. लोकांनी पाला उकडून खाल्ला पण ढोराला हात लावला नाही. फक्त आबांचा थोरला भाऊ भीमराज, घरात पोरं रडायला लागली म्हणून एकदा पाटलाचा बैल ओढून आला. एकदाच. आबा त्याला एक शब्द बोलले नाहीत. पत्र्याची ट्रंक उचलली आणि मुंबई गाठली. पुढं भीमराज दोनदा ज्वारीची पिशवी घेऊन भेटायला आला, तर आबा तो परत जाईपर्यंत घाटकोपर स्टेशनच्या बाकड्यावर जाऊन बसले.

दुसऱ्यांचे बाप चिडतात, ओरडतात, एखादी ठेवून देतात आणि रात्री एका ताटात जेवतात. आबा चिडत नसत. आबा निघून जात. अंबादासला भीती होती ती याची. आई गेल्यापासून आबांचं सगळं त्याच्याकडं होतं. सकाळचा चहा, पेपर वाचून दाखवणं, गुडघ्याला तेल. ज्या दिवशी त्यांना कळेल त्या दिवशी ते मुलुंडला शकुकडं, म्हणजे लेकीकडं जातील आणि मग अंबादास ज्वारीची पिशवी घेऊन त्या दाराशी उभा राहील, हे त्याला अगदी डोळ्यांसमोर दिसायचं. म्हणून ती चादर तो जिवापाड जपायचा.

आणि शहाऐंशीच्या एप्रिलमध्ये शेठनं त्याच्या हातात तीन सिगार ठेवल्या.

"जर्मनीचा साहेब आहे," शेठ म्हणाला. "सिगार ठेवायची केस पाहिजे त्याला. शिवलेली चपटी नाही. साच्यावर बसवलेली. तीन सिगार शेजारी शेजारी, आणि त्यांचा आकार बाहेरून दिसला पाहिजे. हातानं बनवलेली. सोमवारी सँपल दाखवायचंय."

शेठ गेल्या गेल्या शेजारच्या पाटावरचा गुणाजी परब सरकत आला. गुणाजी मालवणचा. गिरणी बंद पडल्यावर या धंद्यात शिरलेला. त्यानं एक सिगार उचलली, हुंगली, आणि काय चाललंय ते अंबादासला कळायच्या आत पेटवली. दोन झुरक्यांत त्याचे डोळे कपाळात गेले.

"मेल्या, ह्यां माणसं ओढतत?" तो खोकत म्हणाला. "आमच्याकडे गोठ्यातले डास हाकलूक असो धूर करतत."

"गुण्या, सँपलच्या मापाची होती ती!"

"मग दोन आसत मरे. तिसरी तशीच असतली. साहेबाची काय येक आखूड, येक लांब?"

सुताराकडून लाकडी फरमा करून आणला. तीन गोल कांड्या शेजारी शेजारी, खाली फळी. गुणाजीनं तो पाहिल्यावर 'लाटण्याची पिल्लं' असं त्याचं नाव ठेवलं आणि सगळ्या गाळ्यात तेच चाललं.

काम तसं दिसायला सोपं. बाभळीच्या सालीत कमावलेलं कातडं घ्यायचं, क्रोमचं, म्हणजे रसायनात कमावलेलं चालत नाही, ते आकार धरत नाही. कोमट पाण्यात बुडवायचं. बुडबुडे यायचे थांबले की पाणी आत पोचलं. मग ते मऊ पडतं, कणकेसारखं. फरम्यावर पसरायचं, कडेनं चुका, म्हणजे बारीक खिळे ठोकून फळीला ताणून धरायचं, आणि हाडाच्या पट्टीनं दोन कांड्यांच्या मधल्या खाचेत हळूहळू दाबत न्यायचं. घाई केली की फाटतं, सोडून दिलं की उठतं. मुठीची पेरं दिसतात तशा तीन गोलाया वर आल्या की हात काढायचा. आणि मग कामाचा सगळ्यात अवघड भाग : काही करायचं नाही. सावलीत, वाऱ्यावर, आपलं आपण सुकू द्यायचं. एकदा सुकलं की मरेपर्यंत तोच आकार. पण ओलं असताना त्याला जे लागेल ते ते लक्षात ठेवतं. नख लागलं तर नख, माशी बसली तर माशी.

अंबादासला काही न करणं जमत नव्हतं. तो जेवायला बसला तरी त्याचा गुडघा हलायचा. बसमध्ये पुढच्या माणसाच्या कॉलरला हळूच पेन लटकवून ठेवायचा, हात रिकामे असायचे म्हणून. पहिला तुकडा त्यानं सारखं सारखं चाचपून बिघडवला. दुसरा आणि तिसरा गाळ्यानं बिघडवला. वर सिमेंटचे पत्रे, बाहेर एप्रिल, कातडं पापडासारखं तडकलं. केसची मागची बाजू सपाट होती, ती झाली. टोपणही कसंबसं झालं. तीन गोलायांची पुढची बाजू तेवढी होईना.

शनिवारी संध्याकाळी त्यानं चौथा तुकडा चढवला आणि शेठ म्हणाला, "उद्या गाळा बंद. आत भट्टी होणार. घरी ने."

"घरी?" अंबादास म्हणाला.

"का, घरी काय वाघ आहे?"

गुणाजी खाली मान घालून रापीला धार लावत होता. त्याचे खांदे हसत होते. "शेठ, वाघ नाय," तो म्हणाला. "बापूस आसा."

नाही म्हणावं तर सँपल गेलं, आणि अख्ख्या गाळ्यात त्याच्याशिवाय कुणाला ते जमत नव्हतं हे त्याला ठाऊक होतं. सगळ्यांना ठाऊक होतं. त्या गोष्टीची चव त्याला चांगलीच लागली होती. त्यानं फळी ओल्या पंच्यात गुंडाळली, बाजाराच्या पिशवीत उभी कोंबली, आणि बसमध्ये चकाल्यापासून घाटकोपरच्या असल्फ्यापर्यंत तान्हं मूल धरावं तशी मांडीवर धरून आला.

"काय आणलं?" आबांनी दारातच विचारलं.

"फळी. भिंतीला ठोकायला."

"ओली कशी?"

"ओली ठोकली की नीट बसते," अंबादास म्हणाला आणि शिडी लावून पोटमाळ्यावर चढला. तिथं कौलाखाली एक जाळीची खिडकी होती. वारा झकास यायचा, ऊन अजिबात नाही. जुन्या गोधड्यांच्या मागं त्यानं फळी उभी केली. खाली उतरला तर उत्तरा, त्याची बायको, परातीत पीठ मळता मळता त्याच्याकडं बघत होती. उत्तराला लग्नाच्या पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. तिचं माहेर धारावीच्या जवळचं, तिला चामड्याचा वास सोल्युशन म्हणून कोण विकणार.

"घरात आणलंत?" ती ओठ न हलवता म्हणाली.

"सोमवारी सकाळी घेऊन जातो. तोपर्यंत कुणी वर जाऊ नये, बस्स."

"कुणी नाही जायचं. तुम्हीच जाल दहा वेळा."

खरं बोलली. रात्रभर तो या कुशीवरून त्या कुशीवर. मधली खाच उठली असेल का? डावीकडची चूक सैल होती का? रविवारी सकाळी आबा चहा पीत होते तेव्हा तो वर जाऊन आला. दाढी अर्धी टाकून, साबण तोंडाला तसाच ठेवून परत जाऊन आला, आणि दाढी अर्धीच राहिली. पेपर वाचून दाखवता दाखवता अग्रलेखाच्या मधोमध उठला.

"कामून सारखा वर जातो रे?" आबा म्हणाले.

अंबादासनं इथं माती खाल्ली. एकाच थापेवर इतकी वर्षं काढलेला माणूस, पण हात थाऱ्यावर नव्हते, तोंडही थाऱ्यावर राहिलं नाही. "उंदीर आहे," तो म्हणाला. "मोठा आहे. गोधड्या कुरतडतोय."

उत्तरानं कपाळावर हात मारून घेतला. कारण आबांना गुडघ्यांचा त्रास होता, दम लागायचा, दिवसभर करायला काही नसायचं, आणि पोरानं त्यांच्या हातात चक्क एक शिकार आणून दिली होती.

"गोधड्या तुझ्या आईच्या हातच्या आहेत," आबा म्हणाले आणि काठी शोधायला लागले.

"मी बघतो आबा, तुम्ही बसा!"

"तू काय बघतो? पाच वेळा बघून आला."

त्यानं कसंबसं त्यांना खाटेवर बसवलं. तेवढ्यात नळाला पाणी आलं. चाळीत पाणी आलं की बाप मेला तरी आधी हंडा भरतात. उत्तरा कळशी घेऊन पळाली, अंबादास हंडा घेऊन तिच्या मागं. नळावर उभा होता पण जीव वरच. पुढची बाई भांडी विसळत होती, तो म्हणाला, "काकू, आटपा, आटपा, विसळून काय सोन्याची होणारेत?"

आणि घरातून आवाज आला. धाड. मग परत धाड. मग काहीतरी जड शिडीवरून आपटत आपटत खाली.

हंडा तिथंच टाकून तो धावला.

आबा शिडीच्या मधल्या पायरीवर बसले होते, हातात काठी, केसांना कोळिष्टकं चिकटलेली. खाली फरशीवर फळी उताणी पडली होती. पंचा सुटला होता. काठीचा एक फटका नेमका मधल्या गोलाईवर बसला होता. आंब्याला अंगठा मारावा तसा खड्डा.

आबा उतरले. एक एक पायरी. वाकले, फळी उचलली, नाकाजवळ नेली. वास घ्यायला एक श्वास पुरला. मग त्यांनी ती फळी खाली ठेवली, अगदी सावकाश, आवाज न करता, आणि मोरीत जाऊन साबणानं हात धुतले.

"आबा," अंबादास म्हणाला.

आबांनी खुंटीवरचा सदरा काढला.

"आबा, ते सँपल आहे. म्हणजे मेलेलं ढोर वगैरे तसं काही नाही, मद्रासवरून तयार कातडं येतं, गठ्ठ्यात, मी फक्त…"

आबांनी खाटेखालची ट्रंक ओढली. दोन धोतरं, चष्म्याचं घर, गुडघ्याच्या तेलाची बाटली. भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोला हात जोडले. हे सगळं इतकं शांतपणे चाललं होतं की अंबादासला वाटलं, आपण काहीतरी करायला पाहिजे, काहीही, आत्ताच्या आत्ता. म्हणून त्यानं स्टोव्हवरच्या पातेल्यातलं कोमट पाणी घेतलं, फडकं बुडवलं आणि मांडी घालून तो खड्डा ओला करायला बसला.

उत्तरा दारात येऊन उभी राहिली. "अहो, बाप घर सोडून चाललाय आणि तुम्ही त्याला पाणी लावताय?"

"हातांना काय करू मी!" अंबादास ओरडला. खरंच त्याला कळत नव्हतं. हाडाची पट्टी नव्हती म्हणून तो चमच्याच्या पाठीनं खड्डा वर काढत होता, आणि खड्डा वर येत होता, आणि आबा चपला घालत होते.

"मुलुंडला जातो," आबा उत्तराला म्हणाले. "तू सांभाळ, पोरी." आणि गेले.

पुढचं अंबादासनं ठरवून केलं नाही. तो बनियनवर होता, अनवाणी होता, अर्धी दाढी झाली होती, आणि फळी हातातच राहिली होती. चाळीतून पळताना कुणीतरी विचारलं, "काय रे अंब्या, कुठं आग लागली?" तो म्हणाला, "घरात." त्या माणसानं बिचाऱ्यानं खरंच बादली उचलली.

मेन रोडच्या स्टॉपवर तो पोचला तेव्हा बस उभी होती आणि आबा चढत होते. कंडक्टरनं घंटी मारली. अंबादासनं दांडा पकडला आणि पाय अधांतरी ठेवून आत उडी मारली.

बस अर्धी भरलेली. आबा खिडकीपाशी, ट्रंक मांडीवर. शेजारची जागा रिकामी होती, पण अंबादासला तिथं बसायचा धीर झाला नाही. तो दांडा धरून उभा राहिला.

"ओ बनियनवाले, तिकीट," कंडक्टर म्हणाला.

"पैसे राहिले घरी. हे काढतील. वडील आहेत."

कंडक्टरनं एकदा त्याची अर्धी दाढी पाहिली, एकदा फळी, आणि आबांकडं वळला. "काय आजोबा, तुमचा का हा?"

आबा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "माझा मुलगा रेक्झिनचं काम करतो. हा कोण आहे, मला माहीत नाही."

काठीपेक्षा हा फटका खोल बसला. हा खड्डा चमच्यानं वर येण्यातला नव्हता. पण त्याच वेळी त्याला एक गंमत जाणवली. हे वाक्य त्यानं स्वतः घडवलं होतं, इतकी वर्षं पॉलिश करून ठेवलं होतं, आणि म्हाताऱ्यानं ते उचलून त्याच्याच डोक्यात घातलं. असला टोला त्याला स्वतःलाही सुचला नसता.

"पुढच्या स्टॉपला उतर," कंडक्टर म्हणाला.

"नाही उतरत."

"उतर म्हणतो ना!"

"सांगतो ना सगळं!" अंबादास म्हणाला आणि खरंच सगळं सांगितलं. कंडक्टरला म्हणून सुरू केलं ते अख्ख्या बसला. की तो थापा मारतो. की रेक्झिन बिक्झिन काही नाही, तो चामड्याचं काम करतो आणि अंधेरीत त्याच्यासारखं कुणी करत नाही. की हे जर्मनीच्या साहेबाचं सँपल आहे, की पोटमाळ्यावर उंदीर नव्हता. बोलता बोलता त्याचा अंगठा सवयीनं खाचेवरून फिरत होता.

"सिगार म्हणजे ती जाडी बिडी?" मागच्या सीटवरून एका कोळणीनं विचारलं. रिकामी पाटी तिच्या पायाशी होती.

"हो मावशी."

"आणि तिला कपडं शिवतोस? दाव बघू."

"ओलं आहे, हात नका…"

पण तिनं फळी घेतली पण होती. तिनं तळव्यानं तिन्ही गोलाया कुरवाळल्या, नाकाला लावली. "वास बरा हाय," ती म्हणाली. "नव्या पायताणाचा." तिच्याकडून वॉचमनच्या कपड्यातल्या माणसानं घेतली. त्यानं ठोकून बघितली. त्याच्याकडून दोन कॉलेजच्या पोरींनी. मग एका जाडजूड काकांनी, ते म्हणाले, "चष्म्याची करतो का अशी?" फळी एका हातातून दुसऱ्या हातात जात होती, माणसं बोटं लावत होती, बघत होती, पुढं देत होती, आणि कुणी तिला लावलेले हात झटकत नव्हतं. अंबादास नुसता "सांभाळून, सांभाळून, नख नका लावू यार" करत तिच्या मागं मागं सरकत होता.

आबा खिडकीबाहेर बघत होते असं वाटत होतं. बघत नव्हते. काचेत त्यांना सगळी बस दिसत होती.

शेवटी काकांनी ती फळी पुढच्या सीटवर दिली. म्हणजे आबांना. न बघता, मीठ द्यावं तशी. आणि आबांनी ती घेतली, कारण समोरून कुणी काही दिलं की माणूस घेतो.

त्यांनी ती ट्रंकेवर ठेवली. बस विक्रोळीच्या खड्ड्यांतून चालली होती.

"ह्याच्यावर नाव कोणाचं येतं?" त्यांनी विचारलं. अंबादासकडं न बघता.

"कंपनीचा शिक्का. आतल्या बाजूला."

"आणि तुझं?"

"माझं कशाला? बनवणाऱ्याचं नाव कोण टाकतं, आबा?"

"लाज वाटते का तुला या कामाची?"

"नाही हो! लाज असती तर चार चार वेळा…"

"मग लपवलं कामून?"

"तुमच्या भीतीनं."

"मला भ्यायचं तर भी," आबा म्हणाले. "पण तोंड लपवून करायचं काम आम्ही खूप केलं. अंधारात ओढायचो आम्ही. गावातल्या कुणाला दिसू नये म्हणून अंधारात. ढोर त्यांचं, घाण आमची, आणि नाव कोणाचंच नाही. हाक मारायची तर 'ए' म्हणून. ते सोडलं आम्ही. कातड्यावर काय राग आहे माझा? ही चप्पल कशाची आहे?" त्यांनी पाय उचलून दाखवला. "आणि तू तेच करतो. सोल्युशनच्या आड बसून."

अंबादासनं आपल्या अनवाणी पायांकडं पाहिलं.

आबांनी सदऱ्याच्या खिशातलं पेन काढलं. मुंबईत आल्यावर रात्रशाळेत जायला लागले तेव्हापासून ते बिनापेनाचे घराबाहेर पडत नसत. शाईचं नव्हे, बॉलपेन. त्यांनी ते टोपण न काढताच त्याच्यापुढं धरलं.

"लाज नाही ना? मग लिही."

"कशावर?"

"इथं. सगळ्यांना दिसेल असं."

अंबादासनं फळीकडं पाहिलं. खड्डा जवळजवळ गेला होता, आणि इतके हात फिरूनही कुणाचं नख लागलं नव्हतं. तिन्ही गोलाया गाळ्यातल्या कुठल्याही तुकड्यापेक्षा देखण्या उभ्या होत्या. आत्ता असंच सावलीत ठेवलं तर उद्या जर्मनीचा साहेब वेडा होईल. आणि यावर एकदा काही लिहिलं की ते गेलं. पुसता येत नाही, सुकलं की मरेपर्यंत राहणार. शेठ फळी त्याच्याच डोक्यात घालणार.

"आबा, सँपल आहे हे. दुसऱ्यावर लिहितो. पुढच्यावर. आईशप्पथ."

"कांजूरमार्ग!" कंडक्टर ओरडला. "बनियन, तुझं काय? उतरतो की राहतो?"

आबांनी पेन मागं घ्यायला हात वळवला, आणि तो हात वळताना अंबादासला स्टेशनचं बाकडं दिसलं.

त्यानं पेन घेतलं. गुडघे टेकून सीटसमोर बसला, बसच्या धुळीत, अनवाणी. टोपणाचं बोथट टोक मधल्या गोलाईवर टेकवलं. बस हलत होती, फळी ट्रंकेवरून सरकत होती.

"धरा ना जरा," तो वैतागून म्हणाला. "वाकडं होईल."

आबांनी दोन्ही हातांनी फळी धरली. अंगठे कातड्यावर आले, दाबून, घट्ट. अंबादासनं लिहायला सुरुवात केली. अं. बा. दा. ओलं चामडं लोण्यासारखं वाट देत होतं. 'स' लिहिताना बसनं गचका दिला आणि 'स'ची शेपटी लांब खाली गेली.

"च्यायला," अंबादास म्हणाला.

"राहू दे. पुढं लिही. बापाचं नाव नाही का लिहीत?"

"जागा नाही आबा."

"बारीक लिही."

त्यानं बारीक लिहिलं. कोळीण उभी राहून बघत होती. वॉचमननं मोठ्यानं वाचलं, "अंबादास शिवदास पाईकराव." वाचून झाल्यावर त्यानं उगीचच सलाम ठोकला.

कंडक्टर डोक्यावर येऊन उभा राहिला होता. "आजोबा, शेवटचं विचारतो. हा तुमच्याबरोबर आहे का?"

"दोन मुलुंड," आबा म्हणाले. "एक माझं, एक या चामडेवाल्याचं." आणि पैसे काढायला त्यांनी एक हात सोडला तसे अंबादासला कातड्यावर त्यांच्या अंगठ्यांचे दोन ठसे दिसले. एक डावीकडं, एक उजवीकडं, रेषा न् रेषा उमटलेली. तो पुसायला फडकं शोधत होता. फडकं घरी राहिलं होतं. मग त्यानं ते शोधायचं सोडून दिलं.

"आता शेठला काय सांगू?" तो म्हणाला. सीटवर बसला होता पण गुडघा परत हलायला लागला होता. "सोमवारी, साहेबासमोर? आबा, माझी नोकरी जाईल."

"तू काही सांगू नको," आबा म्हणाले. "तू सांगितलं की त्यात रेक्झिन येतं. शकुकडं जेवू, तुला तिच्या नवऱ्याचा शर्ट मागू, संध्याकाळी परत घरी. आणि उद्या मी येतो तुझ्याबरोबर अंधेरीला."

"तुम्ही?"

"हो. शेठशी मीच बोलतो."

अंबादासला उद्याचा गाळा दिसला. शेठ, साहेब, ट्रंक नसलेले पण पेन लावलेले आबा, आणि कोपऱ्यात तोंडात पंचा कोंबून हसणारा गुणाजी.

"काय बोलणार?" त्यानं विचारलं.

"ते मी रात्री ठरवीन," आबा म्हणाले. "तू ते सावलीत धर आधी. खिडकीतून ऊन येतंय."